विशाखाचं म्हाताऱ्यांचं फोल्डर

विशाखाच्या घरातला सगळ्यात गार कोपरा माणसांच्या वाट्याला कधी आला नाही. पैठण रोडला, शहराच्या कडेला नव्यानं पडलेल्या प्लॉटांमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की अंगावर आच यायची. पण आतल्या खोलीत, कूलरचा वारा जिथं पोचायचा तिथं, एका स्टुलावर काळा डबा ठेवलेला असे. त्यावर बारीक हिरवे दिवे लुकलुकायचे. पाहुणे विचारायचे, हे काय, टेप हाय का? विशाखाची सासू मालनबाई सांगायची, "आमच्या सुनंचं माहेर हाय ते. दिवसभर तिथंच बसलेली असती."

तो डबा म्हणजे विशाखाचा सर्व्हर. जुन्या कॉम्प्युटरच्या सांगाड्यात तिनं स्वतः तीन हार्डडिस्क बसवल्या होत्या. नवरा संघपाल लग्नांचं आणि जयंतीच्या मिरवणुकांचं शूटिंग करायचा, आणि ते सगळं घरी आणून या डब्यात ओतायचा. पुढचं काम विशाखाचं. कापायचं, जोडायचं, गाणी घालायची, नवरदेवाच्या मामाला वाईट वाटू नये म्हणून तो निदान चारदा तरी दिसेल असं बघायचं.

ती मूळची चितेगावची. वडील तिथल्या एका कंपनीच्या गेटवर होते. बारावीनंतर तिनं क्रांती चौकाजवळ कॉम्प्युटरचा क्लास लावला, तिथून गुलमंडीतल्या एका फोटो स्टुडिओत चिकटली. साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसून तिनं कितीतरी नवरा-नवरींच्या भोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या. कॅसेट द्यायला येणारा संघपाल जिन्यातूनच मोठ्यानं "जय भीम" घालायचा आणि काम झालं तरी हलायचा नाही. मालकानंच एक दिवस त्याला विचारलं, "अरे, तुझी कॅसेट केव्हाच घेतली. आता कशाची वाट बघतोस?" त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं, आणि पुढं त्यांनी घरीच स्वतःचं काम सुरू केलं.

मग ती कोरडी वर्षं आली. तेव्हा पाट्यांवर अजून औरंगाबादच लिहिलेलं होतं. एक पावसाळा गेला, पाठोपाठ दुसराही तसाच गेला. शहर मात्र वाढतच होतं. आज जिथं बाभळी, तिथं उद्या प्लॉटचे दगड रोवलेले आणि परवा पत्र्याची रांग. आजूबाजूच्या गावांत पाहुण्यांना पाजायला पाणी नाही म्हणून लग्नंसुद्धा शहरातल्या मंगल कार्यालयांत यायला लागली. दुष्काळात बहुतेकांचं काम कमी झालं, या नवरा-बायकोचं वाढलं. संघपालला त्याची थोडी लाज वाटायची. विशाखा म्हणायची, "लाजू नका, चांगलं शूटिंग करा."

बायकांच्या बाजूचं शूटिंग करायला तीही जाऊ लागली, आणि तिथं तिला एक गोष्ट दिसली. प्रत्येक लग्नात म्हाताऱ्या माणसांना कडेच्या खुर्च्यांवर नेऊन बसवतात आणि विसरून जातात. कॅमेरा त्यांच्यावरून भर्रकन निघून जातो. एका लग्नात कचरू नावाचा म्हातारा, पूर्वी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा, तिला म्हणाला, "पोरी, मी येतो का गं त्याच्यात, का नुसती टोपीच येती?"

ती थांबली. कॅमेरा त्याच्यावर धरला आणि विचारलं, "बाबा, नाव सांगा. गाव कोणतं? इथं कधी आलात?" कचरू बोलायला लागला तो थांबेना.

तेव्हापासून तिला नादच लागला. लग्न कुणाचंही असो, त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढं ती पाच-दहा मिनिटं बसणार आणि तेच तीन प्रश्न विचारणार. यजमानांनी मागितलेलं नसे, त्यांना ते दिलंही जात नसे. डब्यात एक वेगळं फोल्डर करून ती ते ठेवायची. त्यात खडी फोडायला आलेली माणसं होती, गिरणीत राबलेली होती, मेंढ्या विकून रिक्षा घेतलेली होती. मालनबाईनंही ठेवणीतलं लुगडं नेसून आपली प्रश्नोत्तरं करून घेतली होती. संघपाल हसायचा, "याचं करणार काय तू?" ती म्हणायची, "ठेवणार."

त्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, डब्याच्या एका डिस्कचा दिवा लाल झाला.

विशाखा घाबरली नाही. डबा तिनं अशाच दिवसासाठी तीन डिस्कांचा केला होता. तिघींपैकी कोणतीही एक गेली तरी उरलेल्या दोघी मिळून तिच्यात काय होतं ते सांगतात, मग तिच्या जागी नवी बसवायची. तिनं त्याच दिवशी गुलमंडीजवळच्या बाजारातून नवी डिस्क आणली, बसवली, आणि डबा आपलं आपण भरून काढायला लागला. ती चहा ठेवायला उठली. आधण येईस्तोवर डब्यातून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला, कुणी नखानं पत्रा वाजवावा तसा. दुसऱ्या डिस्कचा दिवाही पिवळा झाला, आणि स्क्रीनवरची सगळी फोल्डरं एका झटक्यात नाहीशी झाली.

चहा उतू गेला. मालनबाई आतून ओरडली तेव्हा तिला कळलं.

तिनं पहिलं काम केलं ते डबा बंद करण्याचं. मग ती टकटकणारी डिस्क पिशवीत गुंडाळून क्रांती चौकातल्या एका दुकानात गेली. दुकानदारानं ती चालू करून, कानाला लावून आवाज ऐकला आणि भल्या मनानं सांगितलं, "मॅडम, ही पुण्याला पाठवावी लागेल, आणि तिकडंही येईलच असं नाही. मात्र एक ऐका, सारखी चालू-बंद करून बघू नका. प्रत्येक वेळी थोडी थोडी जाईल."

घरी येऊन ती पायरीवर बसून राहिली. संघपाल शेजारी येऊन बसला. त्याला वाटलं, लग्नांची काळजी असणार.

"लग्नांचं काय एवढं," तो म्हणाला. "झालेली सगळी आपण वाटून टाकलीत. डीव्हीडी आहेत लोकांकडं, पेन ड्राइव्ह आहेत. मी आणतो मागून."

"लग्नं येतील," विशाखा म्हणाली. "म्हाताऱ्यांचं फोल्डर दुसरीकडं कुठंच नाही. त्यातले काही तर आता..."

संघपाल उठला आणि म्हणाला, "आदिनाथला फोन लाव."

आदिनाथ तिच्या क्लासमधला. चितेगावचाच, मेंढपाळाच्या घरातला. आता तिथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. डबा जुळवताना त्यानंच मदत केली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो आला. कितीही आग लागली तरी आवाज न चढवणारा माणूस. त्यानं आधी पाणी प्यायलं, मग डिस्क हातात घेऊन उलटसुलट केली.

"ताई, तिन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या ना आपण?"

"हो."

"मग तिघींचं वय एक, ऊन एक. एक थकली तेव्हा दुसरी बी थकलेलीच असणार. त्यात आपण तिला एका दमात सगळं वाचायला लावलं. तिथं तिनं मान टाकली."

"मेली का मग?"

"मेली नाय. आजारी हाय. हिच्याकडून काम करून घ्यायचं नाय, फक्त हिच्यात काय हाय ते हळूहळू दुसरीवर उतरवून घ्यायचं. जिथं अडली तिथं जोर नाय करायचा, पुढं जायचं. सोपं सोपं आधी. अडलेलं मागून परत विचारायचं."

तसा एक प्रोग्राम त्याच्याकडं होता. कुठवर आलो आणि काय राहिलं याची तो स्वतःच नोंद ठेवायचा, म्हणजे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. आदिनाथनं आजारी डिस्क बाहेर काढून टेबलावर मोकळी ठेवली, शेजारी नवी जोडली, आणि काम सुरू केलं. सुरुवातीला भराभर चाललं. दुपार चढली, पत्रा तापला, तशी डिस्क पुन्हा टकटकायला लागली. आदिनाथनं हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"हिला गार ठेवायला पाहिजे, ताई. तापली की अडती. कूलर कमी पडतोय."

"कूलरमध्ये पाणी कुठंय," विशाखा म्हणाली. टँकर येऊन गेला होता त्याला बरेच दिवस झाले होते, आणि ड्रमात प्यायचं तेवढंच उरलं होतं.

मालनबाई दारात उभी राहून ऐकत होती. "किती लागंल पाणी?"

"आत्याबाई, राहू द्या. प्यायचं पाणी कूलरला घालायचं नाही."

"प्यायचं कोन घालतंय. भांडी धुतलेलं शेवटचं पानी मी झाडासाठी ठिवलंय परातीत. दाळ-तांदळाचं धुवन हाय. आन् शेजारनीकडं बी आसंल." ती आदिनाथकडं वळली. "माझं बी हाय ना रं त्याच्यात? लुगड्यातलं?"

"हाय ना, आजी. तुमचं बी हाय."

"मंग झालं."

आणि ती बाई बादली घेऊन अख्ख्या गल्लीत फिरली. प्रत्येक दारात तिनं एकच सांगितलं, की डब्यात समद्या गल्लीच्या लग्नाच्या कॅसेटी अडकल्यात आणि त्याला ताप आलाय. पाणी आलं, तेही निरनिराळ्या रंगांचं. विशाखानं फडक्यातून गाळून ते कूलरला घातलं. दोन बायका तर ताप उतरला का म्हणून बघायलाच आल्या, आणि टेबलावरची एवढीशी डिस्क पाहून जरा निराश होऊन गेल्या. डिस्क मात्र गार झाली. टकटक थांबली आणि आकडा पुन्हा सरकायला लागला.

काम काही दिवस चाललं. ऊन चढलं की थांबवायचं, सकाळी आणि संध्याकाळी चालू ठेवायचं. लाइट जायची, यायची. विशाखा स्वयंपाक करता करता स्क्रीनकडं बघायची. दूध तापवताना बघतात तसं.

इकडं संघपाल मोटारसायकल घेऊन जुन्या गिऱ्हाइकांकडं निघाला. लपवाछपवी त्याला जमायची नाही, दारातच सांगायचा, "आमचा डबा बसला, तुमच्या लग्नाची कॉपी द्या, करून परत देतो." लोक हसायचे, चहा पाजायचे. एका घरी लग्नाच्या पेन ड्राइव्हमध्ये नवरदेवानं लग्न पुसून म्हशींच्या दुधाचे व्हिडिओ भरले होते, आणि हे बायकोला त्या क्षणीच कळलं. संघपालनं तिथून चहा न घेताच पाय काढला. बिडकीनच्या पुढं एका शेतात तर त्याला डीव्हीडीच सापडली ती डाळिंबाच्या बागेत. पाखरं यायला नको म्हणून झाडाला टांगलेली, वाऱ्यावर चमकत फिरत होती.

"चालती का अजून?" शेतकऱ्यानं विचारलं.

"पाखरं येतात का?" संघपालनं विचारलं.

"एक बी नाय."

"मग आमच्या हातचं काम पक्कं आहे. चालतंय," म्हणत संघपालनं ती सोडून घेतली आणि बदल्यात दोन कोऱ्या टांगून दिल्या.

शेवटी आदिनाथ पुन्हा सुट्टी बघून आला. उतरवून घेतलेली डिस्क, तिसरी चांगली डिस्क, दोघी डब्यात बसवल्या. विशाखानं बटण दाबलं आणि स्टुलाला धरून उभी राहिली. दिवे लागले. बराच वेळ काही झालं नाही. मग फोल्डरांची नावं एकाखाली एक उमटायला लागली, आणि मालनबाईनं काही न कळताच टाळी वाजवली.

जवळजवळ सगळं आलं होतं. लग्नं आली, मिरवणुका आल्या. म्हाताऱ्यांच्या फोल्डरमधलेही बहुतेक जण आले. मालनबाई आपल्या लुगड्यात तशीच ताठ बसलेली दिसली. पण डिस्कच्या ज्या जागा वाचताच आल्या नाहीत तिथं ज्यांचे व्हिडिओ होते, ते काही उघडेनात. काहींचा चेहरा अर्ध्यात थिजायचा, काहींचा आवाज तुटायचा.

कचरूबाबांचा त्यांत होता. आणि ते मागच्याच वर्षी वारले होते.

त्या व्हिडिओतला सुरुवातीचा तुकडा तेवढा आदिनाथला सोडवता आला. अर्ध्या मिनिटाचा. त्यात कचरूबाबा टोपी नीट करतात, कॅमेऱ्याकडं बघतात, विचारतात, "चालू झालं का?" आणि पुढं काही नाही. विशाखाला फार वाईट वाटलं. ती तो तुकडा घेऊन त्यांच्या लेकीकडं, आशाबाईकडं, गेली आणि जे घडलं ते सांगून माफी मागितली. आशाबाईनं मोबाइलवर तो बघितला. पुन्हा बघितला. मग म्हणाली, "ताई, बाबांचं जे सांगायचं ते आम्हाला पाठ आहे, शंभरदा ऐकलंय. हे टोपी नीट करणं कुणाकडं नव्हतं." तिनं तो तुकडा तिथूनच सगळ्या भावंडांना पाठवला. विशाखा घरी आली ती बरीच हलकी होऊन.

उरलेल्या तुटक व्हिडिओंमधली माणसं सुदैवानं हयात होती. त्यांच्याकडं परत जायचं ठरलं. पहिलं नाव दगडाबाईचं, म्हणजे आदिनाथच्याच आजीचं. त्याच्या बहिणीच्या लग्नात ते शूटिंग झालं होतं आणि त्यातला मधला भाग गेला होता.

दगडाबाई चितेगावला घराच्या मागं, लिंबाखाली बसली होती. समोर पाच-सहा शेळ्या. मेंढरं आता धाकट्या मुलाकडं, ती चाऱ्यासाठी लांब गेलेली. विशाखानं कॅमेरा लावला.

"आज्जी, मागच्या वेळी सांगितलं होतं तेच सांगा. बहात्तरच्या दुष्काळात इकडं कशा आलात?"

दगडाबाईनं इकडं-तिकडं बघितलं. "घरात कोन हाय?"

"कोणी नाही. मी आणि आदिनाथच."

"मागल्या बारीला माझी जाऊ समोर बसली व्हती. ठकू. म्हनून तसं सांगितलं."

"कसं सांगितलं?"

"की मालकानं मला आनलं म्हनून. त्यानं कशाला आनलं असंल." तिनं पदर खोचून घेतला. "त्यो आन् त्याचा बाप मेंढरं घेऊन घाटाकडं गेले, गवत हाय म्हनून. मला म्हनले तू राह्य घरी, सासूपाशी. घरी काय व्हतं? मोकळी चूल. मी चार दिस बघितलं. मंग एका सकाळी उठले आन् गेले रस्त्याच्या कामावर, खडी फोडायला. कोनाला इचारलं नाय."

आदिनाथ शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याचा हात तसाच राहिला. हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"हात फुटले पहिल्यांदा. मंग सरावले. बाया लई भांडायच्या हातोड्यांवरून. मी त्यांचे वाटे लावून द्यायचे, कोनाचं लहान लेकरू असंल तिला सावलीकडची जागा द्यायचे. साहेबानं बघितलं आन् मलाच टोळीची मुकादम केलं. अंगठा देऊन मुकादम झाले मी. तिथंच कामापाशी खोपी घातली."

"आणि आजोबा?"

"आले की मालक. पावसाच्या तोंडाला आले, निम्मी मेंढरं घालवून, दाढी वाढलेली. सासूनं सांगितलं, तुझी बायकू पळून गेली. हुडकत हुडकत रस्त्यावर आले. मी बघितलं त्यास्नी लांबूनच. वळखलं." ती थांबली, आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की विशाखानं कॅमेऱ्यातून डोळा काढून प्रत्यक्ष बघितलं. "मला म्हनले, घरला चल. म्या म्हनलं, घरी खायला हाय का? नाय म्हनले. मंग घे म्हनलं हातोडी. आदू, तुझा आजा लई दिस माझ्या हाताखाली व्हता. आन् चांगलं काम केलं हां त्यानं. उगी खोटं कशाला बोलू."

आदिनाथ इतका हसला की शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "आज्जी, हे आम्हाला काहून नाय सांगितलं कधी?"

"मानसाला चारचौघांत मान लागतो बाबा. त्यो जित्ता असताना कशी सांगू? भला व्हता त्यो." मग विशाखाकडं बघून, "तुझ्या डब्यातलं पहिलं गेलं ना?"

"मधलं गेलं. सुरुवातीचं आणि शेवटचं आहे."

"मंग मधी हे टाक."

विशाखानं ते तसं जोडलं नाही. दोन्ही वेगवेगळे ठेवले, पहिला तुटका आणि दुसरा पुरा. आदिनाथच्या घरीही आता एक लहान डबा बसवलाय, आणि विशाखाकडं जे येतं त्याची एक प्रत तिकडं जाते. डिस्क मात्र त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या वेळी घेतल्या.

पण चितेगाव लहान आहे. दगडाबाईनं मुकादमकीचं सांगितलं, ही बातमी पुढच्या आठवड्यात ठकूबाईच्या कानावर गेली. तिनं आदिनाथच्या हाती निरोप धाडला, की दगडा निम्मं सांगती, तिच्या बरूबर पयल्या दिशी त्या रस्त्यावर मी बी गेले व्हते, माझं कोनी इचारलंच नाय.

मग विशाखा पुन्हा कॅमेरा घेऊन लिंबाखाली गेली. या वेळी दोघी जावा एकाच बाजेवर शेजारी बसल्या होत्या. ठकूबाईनं सुरुवात केली, "उठवलं कोनी तुला त्या सकाळी? मीच ना?"

"तू कशाची उठवती. तू तर चप्पल इसरून परत गेलती."

"परत गेले ते भाकर घ्यायला. चप्पल व्हती कोनाकडं तवा?"

"भाकर मातर आनली व्हती हिनं," दगडाबाई कॅमेऱ्याकडं वळून म्हणाली. "ते खरं हाय."

"निम्मी तुला दिली."

"दिली."

विशाखानं तीनपैकी एकही प्रश्न विचारला नाही. संघपाल मागं छत्री धरून उभा होता, कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून. त्यानं हळूच विचारलं, थांबवू का, बॅटरी बदलू? तिनं मान हलवून नाही म्हटलं. दोघी आता ती भाकर ज्वारीची की दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी मिलोची यावर आल्या होत्या.